एनए प्लॉटवर घोडी ठेवता येते का? (सोबत दोन शेळ्या, पाच कोंबड्या)

टेकडीखालची

मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, आधीच हसून घ्या.

मावळात आमचा 11 गुंठ्यांचा प्लॉट आहे, त्यावर घर. एनए (बिगरशेती) झालेला, कागद व्यवस्थित. घेतला तेव्हा ग्रामपंचायत होती, मग हद्दवाढ झाली आणि आम्ही बसल्या जागी नगरपरिषदेत गेलो. लेक नववीत आहे. चार वर्षं एका रायडिंग क्लबात जाते. तिथली एक मारवाडी घोडी, मैना, वय 19, एका डोळ्याने अधू, तिला आता कामातून काढताहेत. क्लबवाले म्हणाले, "ताई, नीट सांभाळणार असाल तर घेऊन जा, पैसे नकोत." पैसे नकोत म्हटल्यावर नवरा जास्तच सावध झाला.

घरामागे मोकळी जागा आहे. शेळ्या आणि कोंबड्या ही माझी स्वतःची हौस, ती यात घुसवतेय.

नगरपरिषदेत जाऊन आले. आरोग्यवाल्यांनी बांधकामकडे पाठवलं, बांधकामवाल्यांनी परत आरोग्यकडे. शेवटी एक क्लार्क म्हणाले, "मॅडम, कुत्र्याचा फॉर्म आहे, घोड्याचा नाही." बाहेर पडताना शिपायाने हळूच सांगितलं, "विचारत बसू नका, आणून बांधा." हा सल्ला नवऱ्याला पटलाय, मला नाही. कुणी असं केलंय का? नियम नक्की काय?

चहाबाज

अश्वमेध करणार असाल तर शेजाऱ्यांना आधी कळवा. 😀

कलम_कागद

फॉर्म नाही म्हणजे परवानगी आहे असंही नाही आणि बंदी आहे असंही नाही. "घोडा" असा शब्द शोधत बसाल तर काही सापडणार नाही. जमिनीपासून सुरुवात करा.

एनएचा आदेश कपाटातून काढा आणि त्याच्या अटी वाचा. बहुतेक आदेशांत "फक्त रहिवासासाठी" असं असतं. लोक सातबारा जपून ठेवतात आणि आदेश हरवतात, खरं उत्तर त्या आदेशात असतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 मध्ये "शेतघर" कशाला म्हणायचं ते दिलंय: शेतजमिनीवरचं बांधकाम, अवजारं, चारा, खत ठेवायला, गुरांच्या निवाऱ्याला, शेतकऱ्याच्या राहण्याला. म्हणजे शेतजमिनीवर गोठा हा शेतीचाच भाग. जमीन एनए केलीत की ही सवलत गेली. परवानगीपेक्षा वेगळा वापर केला तर कलम 45 खाली दंड होऊ शकतो. घरची एक घोडी बांधणं हा "वेगळा वापर" होतो का, यावर दोन वकील दोन तास भांडू शकतात. पण पत्र्याची पक्की शेड मारलीत की वाद संपला, ते बांधकाम झालं आणि त्याला परवानगी लागते.

नगरपरिषदेतून झोन दाखला घ्या. रहिवासी झोन आहे की शेती, हे सातबाऱ्यावरून ठरत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: पैसे. महानगरपालिकांच्या 1949च्या कायद्यात कलम 376 आहे. घोडे, गुरं, चार पायांची इतर जनावरं विक्रीसाठी, भाड्याने द्यायला, मोबदला घेऊन कुठल्याही कामाला किंवा त्यांचं दूध वगैरे विकायला ठेवाल तर परवाना लागतो. मुंबईच्या 1888च्या कायद्यात तेच कलम 394 मध्ये आहे. तुमची नगरपरिषद आहे, तिला 1965चा वेगळा कायदा लागतो, पण पाहण्याची नजर तीच. लेकीच्या मैत्रिणींना रविवारी 100 रुपयांत चक्कर मारून दिली तर त्या दिवशी तुमची घोडी धंदा झाली.

गाई-म्हशींसाठी 1976चा नागरी भागातल्या गुरांचा वेगळा कायदा आहे. जिथे तो लागू केलाय तिथे परवान्याशिवाय गुरं ठेवता येत नाहीत. तुमच्या यादीत गाय नाही म्हणून सोडतो.

जुनी_गिरगावकर

अवांतर होईल, पण मुंबईत हे सगळं होऊन गेलंय. तबेले शहराबाहेर काढायचे म्हणून 1949 मध्ये आरे वसाहत झाली. तरी कितीतरी तबेले वस्तीत राहिलेच. माझं माहेर एका तबेल्याच्या मागे होतं. दूध समोर काढून मिळायचं, त्याचं आईला कौतुक. पण पावसाळ्यात खिडकी उघडता येत नसे, आणि पाहुणे आले की आई उदबत्ती आधी लावायची, चहा नंतर.

व्हिक्टोरिया, म्हणजे मुंबईच्या घोडागाड्या, बंद झाल्या तेव्हा मला वाईट वाटलं होतं. जून 2015 मध्ये उच्च न्यायालयाने त्या बेकायदा ठरवल्या आणि वर्षाची मुदत दिली. तेव्हाही त्या घोड्यांच्या तबेल्यांच्या परवान्याचा प्रश्न निघालाच होता. वर कलम_कागद यांनी सांगितलेलं 394 ते हेच.

पागेतला

ताई, कागद नंतर. आधी लीद मोजा.

माझं अर्धं आयुष्य घोड्यांत गेलं, सारंगखेड्याची घोडेबाजाराची यात्रा वीस वर्षं चुकवली नाही. चारशे किलोची घोडी दिवसाला पंधरा ते वीस किलो लीद टाकते, मूत वेगळं. वीस धरा. महिन्याला सहाशे किलो. ही कुठे जाणार? घंटागाडीवाला एक दिवस हसून घेईल, दुसऱ्या दिवशी घेणार नाही. "बागेत खत म्हणून टाकू" असं सगळे म्हणतात. अकरा गुंठे म्हणजे बारा हजार चौरस फुटांना थोडे कमी, त्यात घर, पोर्च, गाडी, टाकी. उरलेल्या बागेला वर्षाची लीद तुम्ही तीन महिन्यांत पुरवाल. पुढे काय?

माशीचं गणित तर पाठच करा. उन्हाळ्यात अंड्यापासून उडती माशी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे ढीग आठवड्याच्या आत हलला नाही की तुम्ही माश्यांचा कारखाना काढलाय. ओल्या लिदीत त्या जास्त होतात. आणि तुम्ही मावळात आहात, चार महिने सगळं ओलंच. त्याच चिखलात घोडी उभी राहिली तर खुरं सडतात, खुराच्या खाचेत काळा घाण वासाचा लगदा धरतो. तळाला मुरूम, वर उतार, पाणी वाहून जायला चर, एवढं केल्याशिवाय आणू नका.

जागा म्हणाल तर बारा बाय बाराची खण आणि रोज मोकळं फिरायला मैदान. नुसती दावणीला बांधून ठेवलेली घोडी लाकूड चावते, डुलत राहते, शेवटी पोट धरते. एकटी ठेवू नका, घोडा कळपातला प्राणी. शेळ्या आणताय ते चांगलं, बऱ्याच पागांत सोबतीला शेळी असते.

नालबंद कोण येणार? सहा ते आठ आठवड्यांनी खुरं कापावीच लागतात, नाल मारा की नका मारू. तुमच्या भागात लग्नाच्या घोड्या असतील, त्यांच्याकडे विचारा. सकाळी सहाला चंदी (दाणा) कोण देणार, खरारा (अंग घासणं) कोण करणार? लेक दहावीला बसली की मोतद्दार तुम्हीच.

टेकडीखालची

पागेतला, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. "पोट धरते" म्हणजे काय, असं विचारतोय.

पागेतला

पोटदुखी. कॉलिक. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटात अडकलं की अडकलं. रात्री दोन वाजता पायाने माती उकरायला लागली, वळून कुशीकडे बघायला लागली, लोळायला लागली की डॉक्टर पाहिजे, सकाळपर्यंत थांबता येत नाही.

गुरांचा_डॉक्टर

वरच्याशी सहमत, आणि भर. तुमच्या भागात रात्री दोनला येणारा, घोडा माहीत असलेला डॉक्टर आहे का, हे परवान्याच्या आधी विचारा. आम्ही दिवसभर गाई-म्हशी बघतो, घोड्याला हात लावलेले कमी.

फुकट घोडी आणतानाही तपासणी करूनच आणा. ग्लँडर्स हा आजार घोड्यापासून माणसाला होतो. रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात जातो. आजार निघाला तर घोड्यावर उपचार नाही, त्याला मारावंच लागतं, आणि जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या 2009च्या कायद्याखाली कळवणं सक्तीचं आहे. क्लबातल्या घोड्यांची तपासणी होत असेल, तिचा कागद मागून घ्या. लाजू नका.

धनुर्वाताची लस घोडीला द्या आणि घरच्या सगळ्यांनीही घ्या. धनुर्वाताचे जंतू लिदीत असतात आणि माणसापेक्षा घोडा त्याला लवकर बळी पडतो. एक गंजका खिळा पुरतो.

19 वर्षांची आहे तर दात बघा. झिजलेले असतील तर कडबा तोंडातून गोळा होऊन पडेल, कुट्टी भिजवून घालावी लागेल. पाणी दिवसाला तीस-चाळीस लिटर, उन्हाळ्यात जास्त. टँकरवर असाल तर हिशेब करा.

खिडकी_बंद

मी दुसऱ्या बाजूची. आमच्या शेजारी एका हौशी माणसाने बंगल्यात दोन घोडे आणून ठेवले. पहिले पंधरा दिवस कॉलनीतली पोरं गाजर घेऊन जायची, मीही गेले. मग त्यांचा माणूस सुट्टीवर गेला. ताटावर झाकण ठेवून जेवलोय आम्ही, खोटं नाही. सासूबाईंच्या पायाला जखम होती, तिच्यावर माश्या बसू नयेत म्हणून दिवसा मच्छरदाणीत झोपायच्या. तक्रार केली तर म्हणे, "तुम्हाला प्राण्यांचं प्रेम नाही."

प्रेम आहे हो. पण तुमच्या प्रेमाची लीद माझ्या भिंतीला का?

अर्ज केला, कुणी तरी बघून गेलं, काही झालं नाही. घोडे शेवटी गेले ते मालकाचा उत्साह संपला म्हणून.

कऱ्हेकाठचा

खिडकी_बंद ताई, तुमचं खरं आहे. पण दुसरंही ऐका. आमचा गोठा आजोबांच्या आधीपासूनचा, गावठाणात, घराला लागून. सहा म्हशी. शेजारचं रान विकलं गेलं, एनए झालं, बंगले झाले. ज्यांनी "निसर्गाच्या सान्निध्यात" म्हणून जाहिरात वाचून घर घेतलं त्यांनीच दोन वर्षांनी म्हशीच्या वासाचा अर्ज केला. आता हद्दवाढीचं चाललंय. हद्दवाढ झाली की माझ्या म्हशी एका रात्रीत "नागरी क्षेत्रातली गुरं" होणार. त्या जागच्या हलल्यासुद्धा नाहीत.

टेकडीखालची ताई, राग नाही, पण गंमत वाटते. आम्ही गोठा हलवायच्या नोटिशीची वाट बघतोय आणि तुम्ही बंगल्यात घोडी आणायची परवानगी शोधताय.

टेकडीखालची

राग येण्यासारखं काही लिहिलं नाहीत दादा. आमचाही प्लॉट कधीतरी कुणाचं भाताचं खाचरच होता.

कलम_कागद

कऱ्हेकाठचा, "आम्ही आधीपासून आहोत" एवढ्यावर न्यायालयात भागत नाही, उपद्रव तो उपद्रवच. पण जुना गोठा असल्याचे पुरावे गोळा करून ठेवा: घरपट्टीचा उतारा, दूध संघाच्या पावत्या, लसीकरणाच्या नोंदी, कानातल्या बारा अंकी बिल्ल्यांचे नंबर. सुनावणीला हे उपयोगी पडतं. निदान मुदत तरी मिळते.

खिडकी_बंद, नुसता नगरपालिकेत अर्ज करून थांबू नका. सार्वजनिक उपद्रव असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं, ते जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं 133. तहसीलदारांकडे ते अधिकार असतात. मात्र "वास येतो" असं मोघम लिहू नका. तारखा, फोटो, किती घरांना त्रास, डॉक्टरची चिठ्ठी, असं द्या.

आणि टेकडीखालची, कुंपण पक्कं करा. 1871चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा आहे, त्यात "गुरं" या शब्दात हत्ती, उंट, घोडा, शिंगरू, गाढव, डुक्कर, मेंढी, करडू सगळं येतं. मैना सुटून कुणाच्या भातात शिरली तर कोंडवाड्यात तिला इतर गुरांसारखाच मान मिळेल.

लीड्सकर

इकडची गंमत सांगतो. इंग्लंडात शेतजमिनीवर घोडा चरत असेल तर ती शेती, पण हौसेचा घोडा तिथे ठेवलात, दाणावैरण बाहेरून घातलीत, तर तो जमिनीचा बदललेला वापर आणि त्याला परवानगी लागते. घोडा तोच, गवत तेच. घोड्याला पासपोर्ट असतो, तो नसेल तर विकता येत नाही.

कोंबड्यांचं तर विचारू नका. बर्ड फ्लूमुळे 1 ऑक्टोबर 2024 पासून एक जरी कोंबडी पाळली तरी सरकारदरबारी नोंद सक्तीची झाली, आधी ही अट पन्नास पक्ष्यांपासून होती. पण 1950च्या एका कायद्याने भाड्याच्या भाजीच्या वाफ्यांवर कोंबड्या आणि ससे पाळायचा हक्क लोकांना आहे. त्यात कोंबडा नाही! कोंबड्याचं ओरडणं तेव्हाही कुणाला नको होतं.

चहाबाज

कोंबडीला नोंदणी आणि कोंबड्याला बंदी. आमच्या सोसायटीत उलटं आहे, आरवणाऱ्यालाच सेक्रेटरी करतात.

टेकडीखालची

सगळ्यांचे आभार. काय काय केलं ते सांगते.

एनएचा आदेश मिळाला, बँकेच्या फाइलीत होता. अट क्रमांक 3, "केवळ निवासी प्रयोजनासाठी". झोन दाखलाही आला, रहिवासी. मग ठरवलं की अर्जाच्या आधी शेजाऱ्यांकडे जायचं. डावीकडचे लोक आठवड्याच्या शेवटीच येतात, त्यांना चालेल म्हणाले, पण शनिवारी जोडून आलेली सुट्टी असेल तेव्हा "जरा स्वच्छ" हवं. उजवीकडे एक निवृत्त काका-काकू. काकांनी चहा दिला, काही बोलले नाहीत. मग मला आतल्या खोलीत घेऊन गेले आणि खिडकी उघडली. समोर आमची मागची जागा, जिथे मी खुंटा रोवून दोरीने चौकोन आखला होता, तीच. "मोजून बघ," म्हणाले. मी घरून टेप आणली. खिडकीपासून दोरीपर्यंत 14 फूट. काकूंना दमा आहे, पलंग त्याच खिडकीशी आहे. काका एवढंच म्हणाले, "तुझी मुलगी गोड आहे. नाही म्हणायला जड जातंय."

तिथेच मैनाचा विषय माझ्यापुरता संपला. कुठल्या कलमाने नव्हे.

घरी लेक दोन दिवस बोलली नाही.

खिडकी_बंद

काकांकडे आधी गेलात, यातच सगळं आलं. आमच्याकडे कुणी आलं नव्हतं.

पागेतला

लेकीला सांगा, घोडी जवळच असली पाहिजे असं नाही, रोज भेट झाली पाहिजे. कुणाच्या शेतावर गोठ्यात जागा मिळते का बघा. शेतजमीन हवी, मालक जनावरातला हवा, आणि लिदीला तिथेच गिऱ्हाईक असतं. महिन्याचं ठरवून द्या. मात्र लिहून घ्या: औषधपाणी कुणाचं, मेली तर काय, रात्री कुणाला फोन. माणसं गोड असतात तोवर कागद करून घ्यावा.

गुरांचा_डॉक्टर

आणि त्या गोठ्यातल्या बैल-म्हशींच्या चाऱ्यावर घोडीला सोडू नका. बुरशी लागलेला कडबा म्हैस पचवते, घोडी मरते. गोचिडीचं आणि गोमाश्यांचंही बघा, सर्रा नावाचा आजार गोमाश्या पसरवतात आणि घोड्याला तो गाई-म्हशींपेक्षा फार जड जातो.

टेकडीखालची

(दोन महिन्यांनी)

धागा वर काढतेय, कारण दोघा-तिघांनी व्यनि (खासगी निरोप) करून विचारलं.

मैना आमच्यापासून तीन किलोमीटरवर एका शेतकरी कुटुंबाकडे आहे. दोन बैल, एक म्हैस आणि मधल्या खणात ती. वहिनींनी पहिल्या दिवशी तिला ओवाळलं आणि मग मला खडसावून विचारलं, "ही खाते काय?" कागद केला, दोन पानांचा, औषधपाणी आमच्याकडे. कुट्टी भिजवून घालतात, दात खरंच झिजलेत. लग्नाच्या घोड्यांचा नालबंद सापडला, दीड महिन्याने येतो, मोटरसायकलवर, ऐरणीसकट. लीद त्यांच्या खड्ड्यात जाते आणि दादा म्हणतात पुढच्या वर्षी टोमॅटोला हीच घालणार. लेक सकाळी पावणेसहाला सायकलने जाते. सहामाहीत गणितात काय झालं ते इथे लिहीत नाही.

शेळ्यांचं रद्द केलं. कोंबड्या मात्र आणल्या, पाच, उजवीकडच्या काकांना विचारून आणि त्यांच्या खिडकीपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात खुराडं करून. रोज झाडते, राख टाकते. काका अंडी घेतात आणि पैसे देऊ लागतात, मी घेत नाही (कलम_कागद, वाचताय ना?).

आता नवीन अडचण. पाचही तलंगा (कोवळ्या कोंबड्या) म्हणून विकत घेतल्या होत्या. गेल्या मंगळवारी पहाटे साडेचारला त्यांतली एक आरवली. सुरुवातीला घसा बसल्यासारखा आवाज होता, आता चांगला खणखणीत लागलाय. काका काही बोलले नाहीत, पण काल संध्याकाळी फाटकाशी उभे राहून मला म्हणाले, "ती ठिपक्यांची जरा तब्येतीने मोठी वाटते, नाही?"

मावळात किंवा जवळपास कुणाला गावरान कोंबडा हवाय का? पाळायला, कापायला नाही. घरपोच आणून देईन.

कऱ्हेकाठचा

आणा इकडे. नोटीस अजून यायची आहे.